डोकं छाटलेला खिळा

घरून
भाद्रपद वद्य चतुर्थी, शके १८९०

चिरंजीव इंद्रभान भाऊजी यांस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. वच्छलेला खुशाली सांगा, पोरांचा पापा घ्या. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. मूग घरात आले, ज्वारी डोक्यावर गेली, गाय गाभण आहे. तुमचा खांदा कसा आहे? गार हवेला अजून दुखतो का? तिळाचं तेल कोमट करून वच्छलेकडून चोळून घेत जा, लाजू नका.

मी चौथीच्या पुस्तकासारखी लिहिते म्हणून तुम्ही हसायचे. हसा खुशाल. बोलते तसं लिहिलं तर परतवाड्याचे तुमचे मालक म्हणतील, इंद्रभानच्या घरी कोण ही रानची बाई!

आता खरी बातमी. तुमच्या दादांनी आरा मशीन आणली. हो, त्यांनीच. ज्या मशीनीचं तुम्ही नाव काढलं म्हणून भरल्या ताटावरून उठले होते, तीच. मला आधी शब्दानं सांगितलं नाही. पोळा झाला, बैलांचा थकवा उतरला आणि एक दिवस म्हणाले, "मलकापूरले जाऊन येतो." मला वाटलं बिजागऱ्या आणायला चालले. तर मालधक्क्यावर मुंबईहून आलेल्या पेट्या सरकीच्या ट्रकवर चढवून, स्वतः वर बसून आले. सडकेपासून घरापर्यंत चिखल. खासराला बैलांच्या दोन जोड्या जुंपल्या तरी चाक रुतायचं. साऱ्या गावानं तमाशा पाहिला, हात मात्र कुणी लावला नाही.

त्यात मशीनीचं एकेक चाक माणसाएवढं. ते दारातून जाईना, म्हणून ओसरीची भिंत फोडली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! शेजारच्या सिंधूताई पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "बाई, भिंत फोडून आत आनलेलं, जाताना कोनाले तरी भिंतीतूनच घेऊन जाते." मी म्हटलं, "तुमचं तोंड धुवा आधी." पण त्यांचं बोलणं कानातून निघत नाही.

मलकापूरचा फिटर राहून सगळं जोडून गेला. खालचं चाक खड्ड्यात, वरचं छपराला टेकेल इतकं उंच, आणि दोन्हींवरून गोल जोडलेलं दातेरी पातं. त्यानं मशीन रिकामी चालवून दाखवली. भाऊजी, तुम्हाला तिथल्या आरा गिरणीत सवय असेल, मी मात्र चार पावलं मागे सरकले. पातं पळायला लागलं की दात दिसतच नाहीत. नुसती एक चकाकती रेघ उभी राहते, वाटतं पदरानं पुसावी. आपला मोत्या त्या दिवशी जो पळाला तो अजून ओसरीवर पाय ठेवत नाही. फिटर दादांना म्हणाला, "मिस्त्री, एक ध्यानात ठेवा. लाकडात लोखंड नको. खिळा लागला तं पातं तुटते, अन् तुटलेलं पातं कोनाकडे जाईन ते देवालेही ठाव नाई." दादा म्हणाले, "आमचा जन्म लाकडात गेला, बापू."

आणि पहिलं लाकूड कोणतं, तिथेच घोडं पेंड खातं. शिवेवरची ती चिंच जेठातल्या वावधानात मुळासकट पडली. कुणाचा ताप हटेना, कुणाला बाधा झाली, की जानराव भगत त्या चिंचेत खिळा ठोकून दुखणं तिथं खिळवायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. तुम्हीही लहानपणी ते खिळे मोजत बसायचे. चिंच पडली, पण कुणी काटकीसुद्धा चुलीला नेली नाही. लाकूड तोडलं की दुखणी मोकळी होतात, असं सारं गाव म्हणतं. तुमच्या दादांनी ग्रामपंचायतीत उभं राहून सांगितलं, "मी नेतो." दसऱ्याला मशीनीची पूजा करून पहिली तीच चिरणार आहेत.

खोडाचे ओंडके करून अंगणात आणले. जंबूर घेऊन दादांनी खिळे उपटले, टोपली भरली. दिसले तेवढे सगळे काढले. दिसले तेवढे.

फळी पलीकडून ओढून घ्यायला एक माणूस लागतो. त्या चिंचेसाठी गावात कुणी उभं राहायला तयार नाही.  पण पलीकडची जागा दादांनी स्वतः चोपून सारखी केली आहे आणि तिथे मला झाडूही मारू देत नाहीत. जागा कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

दसऱ्याला या. जमलं तर आधीच या. बाकी सर्व ठीक आहे.

तुमची वहिनी,
रुक्मिणी

ता. क. लाकडातल्या लोखंडाबद्दल तुम्ही दादांना चार ओळी लिहा. तुमच्याकडे पातं तुटून काय झालं होतं तेही लिहा. मी सांगितलं असं मात्र लिहू नका.


घरून
आश्विन शुद्ध सप्तमी

भाऊजी,

आशीर्वाद. तुमचं कार्ड मिळालं. लिहिता, "दादाच्या हातून करवत सुटली नव्हती. भांडणाच्या रागात त्यानं ती माझ्यावर टाकली होती. त्याच्यासमोर मी पुन्हा उभा राहणार नाही." वच्छलेचा नमस्कारसुद्धा नाही. मी ते कार्ड तुळशीपाशी बसून वाचलं आणि पदरात लपवलं.

आता शाळेची भाषा गेली चुलीत. बोलते तशीच लिहिते.

भाऊजी, करवत टाकली नव्हती. तुमच्या दादाले फेफरं आलं होतं. करवत दोघांनी ओढाची, ते वर लाकडावर, तुम्ही खाली, डोळ्यात भुसा. तुमाले वरचं काय दिसन? मले ओसरीतून दिसलं. मूठ हातातच होती अन् डोळे पांढरे झाले. करवत तुमच्या खांद्यात गेली, तुम्ही रक्ताचे तसेच उठून वैद्याकडे पळाले, अन् मी इकडं त्याईच्या दातात पदर कोंबून बसली होती. शुद्धीवर आले तं पह्यला शब्द काय? "इंद्र्याले सांगशील तं माह्या मेल्याचं तोंड पाहशील." म्या म्हटलं, "अहो, तो तुमाले वैरी समजन." तं म्हने, "समजू दे. फेफरेवाला समजन त्यापरीस वैरी बरा. फेफरं येनाऱ्या सुताराले कोन लाकडावर चढू देते?" सुंभ जळला तरी पीळ जात नाई तो असा. तुमीही त्याच सुंभाचे.

त्याईनं शपथ घातली म्हनून मी गप होती. आज शपथ मोडली. मेल्याचं तोंड पाहाची पाळी तशीही आली हाय, म्हनून मोडली.

तुम्ही गेल्यावर फेफरं वरचेवर यायले लागलं. जळगावच्या डाक्तरच्या गोळ्या झाल्या, अंगारे झाले. मंग मी जानरावकडे गेली. त्यानं अमावास्येच्या पहाटे त्याईच्या नावाचा खिळा चिंचेत ठोकला, माह्या समोर, माह्या खांद्याच्या उंचीवर. अन् आता नीट वाचा. फेफऱ्याचा खिळा साधा नसते. त्याचं डोकं छाटतात. डोकं राह्यलं तं दुखनं त्याले धरून बाहेर येते म्हने. छाटला, आत ठोकला, वरून साल मिटून गेली. जंबुरात धराले त्याले काई नाई, हात फिरवला तं हाताले लागत नाई. अन् तोच ओंडका मशीनीसमोर आनून ठेवला हाय.

तुम्ही म्हनसान, मंग सांगितलं काऊन नाई? कशी सांगू? जानराव म्हने, "ज्याच्यासाठी ठोकला त्याले समजलं, का खिळा ढिला झाला समज." अन् भाऊजी, हसा का रडा, त्या दिवसापासून फेफरं आलं नाई. परवापर्यंत एकदाही नाई. सांगितलं तं दुखनं सुटते, नाई सांगितलं तं पातं तुटते. मी पंधरा दिवस देव पान्यात घालून बसली होती, का तुमच्या पत्रानं ते ऐकतीन अन् मले बोलावंच लागनार नाई. तुमचं पत्र आलं ते असं.

परवा सकाळी त्याईच्या उशीवर रक्त दिसलं. जीभ चावली होती. म्हने, "सुपारी लागली." सुपारी सोडून जमाना झाला त्याईले.  मी समजली का फेफरं परत आलं, अन् ते माह्यापासून लपवून राह्यले.

मंग गुपित राखाचं काय उरलं? मी मशीनीपाशी गेली अन् बोलून टाकलं. "त्या लाकडात तुमच्या नावाचा खिळा हाय. डोकं छाटलेला. ते चिरू नका."

ते पान्यानं नट आवळत होते. वर पाह्यलं नाई. "माहीत हाय. जानराव बजारात सांगत फिरते, मिस्त्रीचं फेफरं म्या खिळवलं म्हनून."

"मंग आनलं काऊन ते लाकूड?"

"काऊन म्हंजे? सुताराचं दुखनं झाडात, अन् सुतारच त्या झाडाले भ्यायचा? साऱ्या गावापुढं चिरीन. आत काय बसलं हाय ते मले पाहू दे."

"अन् पातं तुटलं तं?"

"हळू घेईन."

"अन् मशीन चालू असताना फेफरं आलं तं?"

त्याईनं पाना खाली ठेवला, अन् पलीकडच्या त्या चोपलेल्या जागेकडे पाहत राह्यले. मंग म्हने, "इंद्र्या असता तं बरं होतं. माही मूठ जराशी ढिली झाली तं त्याले खालून समजे. एकडावच नाई समजलं." अन् लगेच माह्यावर डाफरले, "त्याले लिहशील तं याद राख."

म्हनून मी लिहून राह्यली.

त्याईले मी थांबवू शकत नाई. रडून झालं, उपाशी बसून झालं. मशीनीचं पातं काढून विहिरीत टाकाचं मनात आनलं, तं ते पातं मले उचललं नाई जात. दसऱ्याले गाव जमनार, नारळ फुटनार, मशीन सुरू होनार. पलीकडे कोनी नसलं तं एकटाच चिरीन म्हनतात. त्याईले एकट्याले मी नाई सोडत. तुमच्या जागेवर मी उभी राहीन. गाव हसलं तं हसलं. माही नजर फळीवर राहनार नाई, त्याईच्या डोळ्यावर राहीन. फेफरं यायच्या आधी डावी पापनी फडफडते, ते मले ओळखू येते.

पन ओळखून मी करू काय? मशीन बंद कराचा खटका दूर हाय, भिंतीले. माह्या बाजूनं तिकडं जायले पात्याजवळूनच वाट हाय. मी तिथं पोचेपर्यंत त्याईचा हात कुठं असन, ते मले लिहवत नाई. खटक्यापाशी एक मानूस पाह्यजे. सिंधूताईले विनवलं, तं त्या म्हने, त्या चिंचेच्या भुशात मी पाय टाकत नाई. दुसरं कोनी उरलं नाई, भाऊजी. मले भेव वाटते. इतकं भेव मले बाळंतपनातही नाई वाटलं.

पोष्टाचा भरवसा नाई म्हनून ही चिठ्ठी अकोटच्या गाडीच्या कंडक्टरच्या, आपल्या निवृत्तीच्या हाती देते. तो तिथून परतवाड्याच्या गाडीवर देईन. दसऱ्याले पह्यल्या गाडीनं निंगाले तरी पूजेपर्यंत पोचसान. माफ करा नका करा, ते मागून तुमी दोघं भाऊ पाहून घ्या. भांडा, एकमेकाच्या उरावर बसा. भांडाले दोघंही राह्यले पाह्यजे एवढंच मी म्हनते.

एकच सांगते. गल्लीत आले अन् मशीनीचा आवाज ऐकू आला, तं बाहेरून हाक मारू नका. इतक्या वर्सानं तुमचा आवाज आला तं ते दचकतीन, अन् हात लाकडावर राहनार नाई. मोत्या भुंकला तं भुंकू द्या. गुपचूप आत या. भिंत फोडली हाय तिथूनच या, डाव्या अंगाले लाल खटका हाय. आधी तो पाडा. चाकं पुरी थांबू द्या.

मंग दादा म्हना.

तुमच्या जागेवर उभी,
रुक्मिणी वहिनी