सायकल झाली की येते

११ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. घरात सध्या बोलायला कोणी नाही म्हणून. ही काल ताईंकडे गेली. ताई म्हणजे हिची मोठी बहीण. भांडण वगैरे काही नाही. इतक्या वर्षांच्या संसारात आमचं भांडण असं कधी झालंच नाही. ही बोलते, मी ‘बघतो’ म्हणतो, विषय संपतो. जाताना म्हणाली, तुमच्याशी बोलणं म्हणजे तुमच्या ऑफिसात तक्रार नोंदवणं आहे. मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात आहे, त्यामुळे हे मी कौतुक समजतो. आमच्याकडे एकही तक्रार संध्याकाळपर्यंत शिल्लक राहत नाही. शिक्का मारला की निकाली.

मुद्द्याचं: मासा इथेच आहे. हिचा फायटर मासा. अंगाने निळा, कडेला लाल झालर, आणि शेपूट अंगापेक्षा मोठी. एवढा नटलेला म्हणून ही त्याला नवरदेव म्हणते. मी खरोखरचा नवरदेव होतो तेव्हा हिने माझ्याकडे इतकं निरखून पाहिल्याचं आठवत नाही. असो. कपडे नेले, शिवणयंत्र नेलं, मासा मात्र ठेवला. ज्याला परत यायचं नाही तो जीव लावलेली वस्तू मागे ठेवेल का? उत्तर उघड आहे.

संकल्प: मासा असा सांभाळायचा की आल्यावर ही तोंडात बोट घालेल.

१२ जानेवारी, सोमवार

नवरदेवाचा नाश्ता. ही सांगून गेलीय, सकाळी दोन दाणे, संध्याकाळी दोन. दोन दाण्यांनी कोणाचं पोट भरतं? चमचाभर घातले. सगळे संपवले. उपाशी होता बिचारा.

संध्याकाळी हिचा मेसेज. ‘जेवला का?’ ही मला अहोजाहो करते, तेव्हा प्रश्न मलाच. ताबडतोब कळवलं, हो, ब्रेड आणि दोन अंडी, अंडी जरा कच्ची राहिली.  उत्तर आलं, ‘मासा?’ लाजली. मनातलं बाहेर पडलं की माणूस असं सावरून घेतो.

१५ जानेवारी, गुरुवार

नवरदेवाचं पोट सुटलंय. खात्यापित्या घरचा दिसतो. आज तळाशी एका कुशीवर पडून आराम करत होता. फोटो काढून हिला पाठवला.

मिनिटभरात फोन! गेल्यापासूनचा पहिला. म्हणाली, किती घातलंत त्याला? खायला एकदम बंद करा, दोन दिवस उपास, मरेल तो. बरीच बोलली. इतका वेळ आम्ही गेल्या वर्षभरात बोललो नसू. उपास सुरू केला. मीही संध्याकाळी फक्त चहा घेतला, सोबत म्हणून.

१८ जानेवारी, रविवार

पोट उतरलं. त्या आनंदात सफाई मोहीम. नवरदेवाला वाडग्यात काढलं, टाकी मोरीत नेऊन घासूनपुसून लख्ख केली आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. नवरदेवाला आत सोडलं तर क्षणात फिका पडला आणि पृष्ठभागाशी तोंड वासून राहिला.  हिला फोन लावला.

ही म्हणाली, नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, थेंब टाकून ते घालवायचं, पाणी कोमट असावं लागतं, आणि सगळं पाणी कधीच बदलायचं नसतं, पाव भाग फक्त. मला राग आला. आमच्या खात्याचं पाणी अख्खं शहर पितं आणि या बोटभर प्राण्याला ते बाधतं! पण वाद घालण्याची वेळ नव्हती. माशांच्या दुकानात धावलो. दुकानदार तिशीतला. फायटर माशासाठी थेंब मागितले. म्हणाला, बेटा कसा आहे? मी म्हटलं, मी ठीक आहे, पण तुम्ही माझ्याहून लहान, मला बेटा म्हणू नका. तो म्हणाला, माशाचं नाव आहे ते, बेटा. असेल. माणसाने आधी सांगावं. थेंबांची बाटली पिशवीत तळाशी घातली, खात्यातलं कोणी पाहिलं तर काय म्हणेल?

थेंबांनी फरक पडला. हिला कळवलं. शेवटी विचारलं, कधी येतेस? म्हणाली, इकडे सायकल चालू आहे, सायकल झाली की येते.

सायकल! या वयात! पण मन आनंदलं. ‘येते’ म्हणाली. स्वतःच्या तोंडाने.

२१ जानेवारी, बुधवार

ऑफिसात सांगितलं की ही सायकल शिकतेय. साहेब म्हणाले, वहिनींचं कौतुक आहे, आम्हाला तर जिना चढवत नाही. मी जरा मिरवून घेतलं.

हिला फोनवर विचारलं, कशी चाललीय सायकल? म्हणाली, हळूहळू, रोज टेस्ट करते. सायकलची कसली टेस्ट? क्लास लावला असेल. मी म्हटलं, जरा घाई कर. म्हणाली, घाई करून चालत नाही, जिवावर बेततं. बरोबर आहे, हल्ली गाड्या कशाही चालवतात. जपून, म्हटलं. ही म्हणाली, कोण, मी? माझ्याकडून काळजीचे शब्द ऐकायची सवय नाही तिला.

२३ जानेवारी, शुक्रवार

हेडक्लार्कचं म्हणणं, एकटा मासा झुरतो, आरसा लावा. सकाळी दाढीचा आरसा टाकीला टेकवून ऑफिसला गेलो. जायच्या आधीच नवरदेवाने पिसारा फुलवला होता, गाल फुगवले होते, ऐट विचारू नका. म्हटलं, चला, याला कोणीतरी मिळालं.

संध्याकाळी आलो तर शेपटीची झालर फाटलेली आणि हा कोपऱ्यात निपचित. ही फोनवर म्हणाली, अहो, तो आनंद नव्हता, दुसरा नर समोर आलाय असं वाटतं त्याला, दिवसभर स्वतःशीच भांडत होता तो. आरसा काढला. माझ्या मनाला फार लागलं. टाकीपाशी बसून त्याची माफी मागितली. घरात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे हरकत नाही.

संकल्प: यापुढे हेडक्लार्कचा सल्ला बंद. ही सांगेल तेच. शब्दशः.

२५ जानेवारी, रविवार

झालर सुधारतेय. पाणी पाव भाग बदललं, थेंब टाकून, कोमट करून. सगळं नियमाप्रमाणे. पृष्ठभागावर एका कोपऱ्यात फेस दिसला. बहुधा साबण. चमच्याने सगळा काढून टाकला. हिला अभिमानाने सांगितलं.

 ही म्हणाली, ते त्याचं घर होतं. नर बुडबुडे सोडून सोडून घर बांधतो, मादी यावी म्हणून. मी म्हटलं, पण टाकीत मादी नाहीच. ही म्हणाली, त्याला ते कळत नाही.

मला हसू आलं. काय वेडा प्राणी. कोणी येणार नाही आणि हा बांधतोय.

दुपारी जिन्याखालची अडगळ काढून सायकलसाठी जागा केली. भिंतीला रंगाचा हात मारला, नवा बल्ब लावला. मोरीचा गळका नळही बदलून नवा बसवला, ज्याबद्दल ही दोन वर्षं बोलत होती. आल्यावर आधी त्याच्याकडे लक्ष जाईल.

३० जानेवारी, शुक्रवार

नवरदेवाने पुन्हा घर बांधायला घेतलंय. यावेळी मी हात लावला नाही. पाणी बदलतानासुद्धा त्या बाजूने बदलत नाही.

एक लिहून ठेवतो. हल्ली संध्याकाळी कुलूप उघडून आत आलो की हा काचेपाशी धावत येतो आणि सगळं अंग हलवतो. दाण्यांसाठी असेल. पण कोणीतरी पुढे येतं. मला फार बरं वाटतं. त्याला ऑफिसातल्या गोष्टी सांगतो. आज एक बाई आल्या होत्या, त्यांच्या घरी सहा महिने गढूळ पाणी येतंय, आम्ही ती तक्रार तीनदा निकाली काढलीय. नवरदेवाला हे सांगताना मलाच जरा कसंतरी झालं. पाणी गढूळ असलं की जीव कसा होतो ते हल्ली मी रोज बघतो. सोमवारी त्यांच्याकडे माणूस पाठवीन.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हिचा मेसेज! ‘सायकल झाली. रविवारी सकाळी येते.’

तीनदा वाचला. सोमवारची रजा टाकली. साहेबांनी सही करताना विचारलं, काय विशेष? म्हटलं, ही येतेय. सगळ्या विभागाने ऐकलं. हेडक्लार्कने हात मिळवला. येताना सायकलची घंटी घेतली आणि एक कुलूप. दुकानदाराने विचारलं, सायकलचा रंग कोणता? ते मला माहीत नव्हतं. उद्या ताईंना विचारतो, हिला विचारलं तर गंमत जाईल.

४ फेब्रुवारी, बुधवार

ताईंना फोन केला. विचारलं, सायकल कोणत्या रंगाची आहे? त्या म्हणाल्या, कसली सायकल? मी म्हटलं, ही शिकतेय ती. ताई हसायला लागल्या. खूप हसल्या. मग हसायच्या थांबल्या. हसत राहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या, अहो, ती टाकीची सायकल. नव्या टाकीत मासा लगेच सोडता येत नाही. पाणी भरून, फिल्टर लावून कित्येक दिवस नुसतं चालू ठेवावं लागतं, पाणी साफ ठेवणारे चांगले जंतू तयार होईपर्यंत. रोज पाणी टेस्ट करावं लागतं. त्याला सायकल म्हणतात. ती झाली की मासा न्यायचा.

मी विचारलं, न्यायचा म्हणजे कुठे? तुमच्याकडे? ताई म्हणाल्या, ती माझ्याकडे नाही हो. तिने जागा घेतलीय स्वतःची. तुम्हाला सांगितलं नाही का तिने?

सांगितलं असेल. सांगितलं असेल आणि मी बघतो म्हणालो असेन. आज जेवलो नाही. कोणी विचारलंही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शांतपणे विचार केला. परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. मासा आजारी असेल तर त्याला हलवता येत नाही, हे हिनेच एकदा सांगितलंय. मासा हलला नाही तर ही त्याच्यासाठी येत राहील. फोन येत राहतील. तेव्हा आज पाणी बदलायचं, ते बदललं नाही. टाकीतलं पाणी कोमट ठेवणारा हीटर बंद केला. यात क्रूरपणा काही नाही, थोडी सर्दीच होईल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी नवरदेव टाकीतल्या रोपाच्या पानामागे आखडून बसलेला. झालर मिटलेली. दाणे टाकले तर आला नाही. मला पाहून मात्र हळूहळू वर आला, तसाच, थरथरत.

हीटर लावला. पाणी कोमट केलं, थेंब टाकले, पाव भाग बदललं. ऑफिसला उशीर झाला, झाला तर झाला. टाकीपाशी उभा राहून रडलो. त्याला म्हटलं, मला तुझं काही वाईट करायचं नव्हतं, मला फक्त ती हवी आहे.

संध्याकाळी दोन दाणे खाल्ले.

७ फेब्रुवारी, शनिवार

नवरदेव ठणठणीत. कधी नव्हे इतका. शेपटीची झालर पूर्ण भरून आली. कोपऱ्यातलं घर आता तळहाताएवढं झालंय.

घर आवरलं. तरीसुद्धा असं वाटतं, प्रत्यक्ष आल्यावर, नळ वगैरे पाहिल्यावर, माणसाचं मन बदलू शकतं. दोन कप बाहेर काढून ठेवले.

८ फेब्रुवारी, रविवार

आली. किल्ली असताना बेल वाजवली. हातात झाकणाची बादली. जरा वाळलीय, पण चेहरा निवांत दिसला. असा निवांत चेहरा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता, आणि तो पाहून मला आनंद व्हावा की काय व्हावं ते कळेना.

सरळ टाकीपाशी गेली. नवरदेव आधी माझ्याकडे धावला, मग तिच्याकडे. ती वाकून खूप वेळ बघत राहिली. शेपूट पाहिली, पाण्यात कागदाची पट्टी बुडवून रंग पाहिला, ते फेसाचं घर पाहिलं. मग म्हणाली, फार छान ठेवलात. इतकं लक्ष देता येतं तुम्हाला, मला माहीत नव्हतं.

आधी छाती फुगली. मग तिने काय म्हटलं ते कळलं.

तिने जाळी वापरली नाही, जाळीने झालर फाटते. कपाने अलगद उचललं. मीही बादलीत टाकीतलं पाणी ओतू लागलो. बुडबुडे हलले आणि विरून गेले. आम्ही इतकं छान जमवून काम क्वचितच केलं असेल. तिने चहा घेतला. कप स्वतः धुतला. मोरीत नळाकडे पाहून म्हणाली, बसवलात होय. मी हो म्हटलं. मनात सगळी वाक्यं तयार होती. राहा म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, हीटर पण घेऊन जा. ती म्हणाली, नको, तिकडे आहे.

दारात थांबली. किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, मी आता परत येणार नाही हो. तुम्हाला कळलंय ना? तिचेही डोळे भरले होते. मी मान हलवली. जिना उतरताना बादली हिंदकळू नये म्हणून ती एका बाजूला कलून चालत होती. मी खालपर्यंत धरू का असं विचारायला हवं होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

रजा रद्द केली. घरी करण्यासारखं काही नव्हतं.

साहेबांनी विचारलं, काय, वहिनी आल्या का? म्हटलं, आली होती.