लेकरासकट वजन

औरंगाबाद,
संक्रांतीनंतरचा सोमवार

प्रिय जमिला,

पत्र लांबलं तर चिडू नकोस. तुझ्या अम्मी, जैतुनबी, म्हणायच्या ना, "सारजा से पानी मांगो तो तकरीर मिलती!" खरंच होतं ते. पण आज मलाच माझ्या भाषणांचा कंटाळा आलाय. हे मी लिहितेय यावर तुझा विश्वास बसायचा नाही.

परवा शहागंजात गेले होते. तुमच्या धान्याच्या दुकानात आता प्लॅस्टिकच्या बादल्या मिळतात. वरच्या तुळईला लोखंडी कडी मात्र तशीच आहे, जिला तुझ्या अब्बांचा, मोहियोद्दीनचाचांचा, पोती तोलायचा मोठा काटा टांगलेला असायचा. मी कडीकडे बघत उभी राहिले, तर नवा मालक म्हणाला, "मावशी, वर काय बघता? माल खाली हाय." मग एक टप घेतला, लेकराच्या अंघोळीला. व्हय, आपल्या मनूला मुलगा झालाय. चार महिन्यांचा आहे. बाळंतपणाला आली ती अजून माझ्याकडंच आहे. बाकीचं पुढं लिहिते. आधी त्या कडीचं लिहू दे, घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तुझ्याशीच बोलत होते.

पोलीस ॲक्शननंतर आपल्या गल्लीतल्या कितीतरी दारांना कुलुपं लागली. कोणी कराचीला गेलं, कोणी कुठं गेलं ते कळलंच नाही. चाचा मात्र गल्ल्यावर बसून राहिले. मी निजामाविरुद्ध बोलत हिंडलेली पोरगी. लोकांना वाटलं, आता या दोघींचं फाटणार. तू काय केलंस? माझ्या सभेला बुरखा घालून येऊन मागं बसलीस आणि नंतर एवढंच म्हणालीस, "आवाज बैठ गया तेरा, मिसरी खा." राज्याविषयी, धर्माविषयी माझ्याकडं पोतंभर बोलणं होतं. तुझ्याकडं खडीसाखर होती.

मनू झाली त्या वर्षी धान्याची टंचाई होती, आठवतं? रेशनला किडका जोंधळा, तोही रांग लावून. मी नुकतीच बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आलेली. सासूबाईंनी डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, तुपातला शिरा खाऊ घालून मला चांगली गरगरीत केली होती. तशीच सभेला उभी राहिले आणि गरजले, या शहरात माणसं अर्ध्या भाकरीवर झोपतात! मागून एक जण ओरडला, "आन् उरलेली अर्धी तुमीच खाल्ली जनू, बाई!" सगळं मैदान हसलं. मी आयुष्यात दगडांना, शिव्यांना, पोलिसांना उत्तरं दिली; त्या हसण्याला मला उत्तर सापडलं नाही.

घरी आले आणि लाडवांचा डबा रांगेतल्या बायकांना वाटून टाकला. भरल्या अंगानं भुकेवर बोलणं म्हणजे ढोंग, असं माझ्या मनानं घेतलं. आणि माझं ठरलं की ठरलं. सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी अर्धी, वर कांदा. मनू अंगावर पीत होती, ती कशातलं पिते याचा विचार त्या तत्त्वनिष्ठ डोक्यात आलाच नाही. सासूबाई रडल्या. मी त्यांना जगातल्या क्रांत्यांचा इतिहास ऐकवला.

मग आपलं ते शुक्रवारचं वजन. चाचा नमाजाला गेले की दुकानात आपण दोघी आणि अम्मी. एका पारड्यात मी मांडी घालून बसायचे, दुसऱ्यात तू लोखंडी वजनं चढवायचीस. मला तर एकटीलाच तोलून घ्यायचं होतं. पण मनू खाली ठेवली की आकाशपाताळ एक करायची. दुसऱ्या कोणाकडं जायची नाही. तिला एकटीला पारड्यात ठेवून तिचं वजन वजा करावं, तर अम्मी ओरडायच्या, "दूधपीते बच्चे को नक्को तोलो गे, नजर लगती!" मी हसायचे, अम्मींना अडाणी म्हणायचे, आणि शेवटी मनूला मांडीवर घेऊनच बसायचे. दर खेपेला तीच वजनं. एक छटाक इकडं नाही की तिकडं. मी चिडायचे. इतकं मारून-मुटकून उपाशी राहतेय, तरी अंग हलत कसं नाही? मग अर्ध्या भाकरीची चतकोर व्हायची. नजरेवर माझा विश्वास नव्हता, काट्यावर होता. चाचांचा काटा सगळ्या शहागंजात खरा, मग तो माझ्याशी खोटं कशाला बोलेल?

तो खोटं बोलतच नव्हता. हे तुला कधी कळलं, जमिला? माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा? की व्यासपीठावर मला चक्कर आली आणि लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या तेव्हा? एका शुक्रवारी तू नेहमीसारखी वजनं चढवलीस, काटा समतोल झाला, मी तोंड वाकडं केलं. आणि तू पुढं येऊन माझ्या मांडीवरून मनूला उचललंस. ती रडली, तरी उचललंस.

माझं पारडं असं वर उडालं की साखळ्या धरता धरता माझा पदर सुटला. अम्मी "या अल्ला!" म्हणून धावल्या. तू मात्र लेकरू एका हातात, दुसऱ्या हातानं समोरच्या पारड्यातून एकेक वजन उतरवत गेलीस. एक उतरलं, मी वरच. आणखी एक, तरी वरच. उतरलेली वजनं तू फरशीवर ओळीनं मांडत होतीस. अखेर माझं पारडं खाली येऊन काटा पुन्हा समतोल झाला तेव्हा समोर जेवढं लोखंड उरलं होतं, तेवढ्याची तर मी शाळेत असताना होते. तू म्हणालीस, "देख गे सारजा, तू इत्तीच बची. बाकी सब मनू है."

त्यानंतर अम्मींच्या हातचा हरीरा, ती बाळंतिणीची सुक्यामेव्याची पातळ खीर, गरम, वाटी ओठांना भाजणारी. "बच्चा पहले मां को खाता, फिर दूध सूखता," असं बडबडत त्यांनी मला वाटीवर वाटी पाजली. आणि पुढच्या सभेत अर्ध्या भाकरीचा तोच टोमणा पुन्हा आला, तेव्हा माझ्याकडं उत्तर होतं. व्हय, खाल्ली भाकरी! पाजणारी बाई जेवते तेव्हा दोन तोंडांचं जेवते, आणि तेवढं रेशन शहरातल्या प्रत्येक पाजणारीला मिळाल्याशिवाय मी इथून उतरणार नाही! त्या दिवशी कोणी हसलं नाही. ते भाषण माझं सगळ्यात गाजलेलं. त्यातला जीव तुझा होता, हे मात्र मी कुठल्या सभेत सांगितलं नाही.

पुढं तू लग्न होऊन हैदराबादला गेलीस. मग भाषेप्रमाणं राज्यं झाली. त्यासाठी मी घसा फोडून बोलले होते, आजही बोलेन. पण ती सीमा नेमकी आपल्या दोघींमधून गेली. नकाशावर काय, एक रेघ. मला मात्र तुझ्या हातची खडीसाखर अंतरली.

आता मनूचं. तिच्या नवऱ्यानं बारशाला आल्यावर गंमत केली, "हिला न्यायला आता ट्रकच सांगावा लागेल." सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं वजनाचं यंत्र विकत आणलं. रोज सकाळी चहाच्या आधी त्यावर चढते. एकटीच. काटा खाली सरकला की तोंड उजळतं. काकडी, पातळ ताक, भाकरीचा तुकडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाजताना वजन आपसूक हळूहळू उतरतं, पोटाला मारू नका. ऐकत नाही. जावयाला मी लांबलचक पत्र लिहिलं, त्यानं माफीही मागितली. पण तो शब्द हिच्या आत रुतलाय. आणि लेकरू, जमिला, दवाखान्यातल्या काट्यावर महिनाभर तिथल्या तिथंच आहे. पितं, सोडतं, किरकिर करतं, परत तोंड लावतं. तेव्हा निदान माझी मनू तरी भरत होती.

मी बोलले. समजावलं, रागावले, शहागंजच्या काट्याची ही सगळी गोष्टही सांगितली. ती सांगताना माझा आवाज आपोआप चढला असावा, हातही वर गेला असावा. मनू दमून म्हणाली, "आई, इथं सभा नाही."

म्हणून लिहितेय. काचीगुड्याला गाडीत बस आणि ये. हरीऱ्याचं सामान घेऊन ये, मला तो अम्मींसारखा जमत नाही. काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही, शपथ. माझ्या मांडीवरून तू जिला उचललंस, आता तिच्या मांडीवरून तिचं लेकरू घटकाभर उचल, आणि तिच्या हातात वाटी दे.

वाट बघत, अजून पारड्यातच बसलेली,
तुझीच
सारजा