वास : नेहमीचा

३ फेब्रुवारी, सोमवार

चहाचा अधःपात झाला आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. गेले कित्येक महिने या घरात चहा या नावाखाली जे मिळतं ते गरम आहे, तपकिरी आहे, गोडही आहे – पण चहा नाही! आज रीतसर तक्रार दाखल केली. ही म्हणाली, "पावडर तीच, दूध तेच, करणारी तीच. पिणारा बदलून बघू का?" तक्रार निकालात निघाली. अपिलाची सोय नाही.

दुसरी तक्रार जरा मोठी. धाकटी चालत नाही.

धाकटी म्हणजे बाबांची गाडी. दोन दारं, दोनच सीटा, आणि इतकी बुटकी की आत बसलं की बूड रस्त्याला टेकतंय असं वाटावं. शर्यतीत पळायला जन्मली आणि आमच्या गल्लीत येऊन पडली. आम्ही दोघे भाऊ शाळेत असताना बाबांनी ती जुनीच घेतली आणि आईला सांगितलं, "आता आपल्याला तीन मुलं." बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून ती गॅरेजात चादर पांघरून उभी. काल चादर काढली, नवी बॅटरी बसवली, टाकीत जुनं होतं त्यावर पाच लिटर ताजं पेट्रोल ओतलं. सुरू झाली! मी टाळ्या वाजवल्या – एकटाच. मग टेकडीच्या चढावर आचके द्यायला लागली आणि पहिल्या वळणाआधीच बंद पडली. उतारावरून उलटी घरंगळत घरी आणली. लोकांनी पाहिलं. पाहू देत.

५ फेब्रुवारी, बुधवार

दादाला कळवलं. चूक झाली.

दादाने सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनखोलीत केली. इंजिनं त्याला कळायला लागली आणि त्या बदल्यात त्यांनी त्याचे कान नेले. फोनवर बोलणं शक्य नाही, सगळं लिहून. अर्ध्या तासात उत्तर आलं – "मेकॅनिकला हात लावू देऊ नकोस, तो कार्बोरेटर काढून फेकेल. मी विचारतो ते बघ आणि कळव. अंदाज नकोत. २३ ला येतो. तोवर टेकडी चढली तर तुझी. नाहीतर दोरी लावून मी नेतो."

बाबांच्या मागे धाकटी कुणी ठेवायची यावर आमचं वाजलं होतं. तो म्हणाला, "तुला समास सोडवता येतात, नट सोडवता येत नाही." मी हट्ट धरला. कारण शेवटची सहा वर्षं बाबांजवळ मी होतो आणि दादा समुद्रावर. कंपवाताने आधी त्यांचा उजवा हात घेतला, मग चाल, मग आमची नावं. एकदा किल्ली हातात घेऊन ते तासभर धाकटीपुढे उभे होते. किल्लीचं काय करतात ते आठवेना. मी विचारलं, "बाबा, फिरायला जायचं?" तर म्हणाले, "आपण कोण?"

धाकटी मी जाऊ देणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

दादाची प्रश्नपत्रिका आली. सात प्रश्न, सगळे अनिवार्य. थंड असताना लगेच सुरू होते का? – दुसऱ्या प्रयत्नात. बंद पडताना एकदम पडते की रडत रडत? – रडत रडत. टाकीचं झाकण सैल ठेवून चालवली तर फरक पडतो का? (आत हवा शिरायला वाट नसेल तर पेट्रोल पुढे सरकत नाही म्हणे.) – फरक नाही. टाकीच्या तोंडाशी नाक ने. वास कसा आहे? – नेहमीचा.

सातही उत्तरं बातमीसारखी पाठवली. सव्वीस वर्षं वार्ताहर आहे. त्याआधी पाच वर्षं पंडितांपुढे मांडी घालून न्यायशास्त्र घोकलं – प्रत्यक्ष, अनुमान, शब्द, कशावर किती भरवसा ठेवायचा ते. मला कोण शिकवणार!

दादाचा शेरा : "पेट्रोल चांगलं आहे म्हणजे तो विषय संपला. फिल्टर बदल."

९ फेब्रुवारी, रविवार

फिल्टर बदलला. पुस्तकात या कामाला दहा मिनिटं दिली आहेत. मला अडीच तास लागले. पुस्तक लिहिणाऱ्याच्या बोटांत हाडं नसावीत. अर्धं पेट्रोल बाहीवर सांडलं.

ही दाराशी आली आणि नाक दाबून तिथेच थांबली. "काय सडलंय हो इथे?"

"पेट्रोल आहे. वास येणारच."

"हा पेट्रोलचा वास?"

तिचं आणि धाकटीचं पहिल्यापासून सवतींचं नातं. तेव्हा साक्षीदार पक्षपाती ठरवून साक्ष नोंदवली नाही. शर्ट मात्र तिने बाहेर काढायला लावला. घरात नाही, बादलीत नाही – बाहेर!

संध्याकाळी टेकडी. त्याच जागी आचके, त्याच जागी मौन.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पंप. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ओढणारा पंपच असणार. दादाही तेच म्हणतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पंप नाही.

दादाने सांगितल्याप्रमाणे कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत सोडली, हिला किल्ली फिरवायला बसवलं आणि घड्याळ लावलं. "तुमच्या बाबांच्या सीटवर बसवलंत मला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा!" – ही. बाटली वेळेच्या आत भरली. पंप निर्दोष सुटला.

बाटलीतलं पेट्रोल जरा पिवळट वाटलं. कळवावं का? बाटलीच जुनी असेल. नाही कळवलं.

मग दादाचा नवा सिद्धान्त : इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते. नळीला ओलं फडकं गुंडाळ आणि मग चढ. गुंडाळलं. तापाच्या रोग्यासारखी दिसायला लागली बिचारी. आचके तेच.

खंडन करणं सोपं असतं. रोज एकेकाला निर्दोष सोडतो आहे. गुन्हा मात्र घडतोच आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दूध करपलं. मी शेगडीपासून चार हातांवर पेपर वाचत बसलो होतो. ही जिन्यातूनच ओरडत वर आली.

"अहो, इथे बसलायत आणि वास नाही आला?"

"समाधी लागली होती."

"संपादकांनाही हेच सांगता का?"

पातेलं मीच घासलं. घासता घासता उगाच उदास वाटत राहिलं. पातेल्याचं एवढं काय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज टेकडीवर धाकटी अशी रुसली की ढकलावी लागली. दोन अनोळखी माणसं मदतीला आली. एक म्हणाला, "काका, विकून टाका हो." दुसरा म्हणाला, "कोण घेणार?" दोघांनी मिळून माझं सांत्वन पूर्ण केलं.

घरी येऊन दादाला लिहिलं – मी थकलो. त्याचं उत्तर : "तुझी सगळी उत्तरं खरी असतील तर ती चालायला हवी. एक तरी उत्तर चुकलंय. कुठलं, ते शोध."

फार लागलं. माझी बातमी चुकली म्हणून पेपराला आजवर एकदाच खुलासा छापावा लागला. एका गृहस्थांना मी दिवंगत म्हटलं होतं, ते स्वतः चालत कार्यालयात आले. तेव्हा संपादक एवढंच म्हणाले होते, "तुम्ही पाहिलं नाहीत. असणारच असं धरून चाललात." त्यानंतर मी असं कधी केलेलं नाही.

सातही उत्तरं पुन्हा वाचली. मला एकही खोटं दिसेना.

गॅरेजात जाऊन बसलो. स्टिअरिंगची कातडी डावीकडे जास्त झिजली आहे. शेवटी शेवटी बाबा डाव्या हातानेच धरायचे. रविवारी दोरी येणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

दादा सकाळच्या बसने आला. सामान एकच – गुंडाळलेली हत्यारं. दोरी आणली आहे का ते विचारायचा धीर झाला नाही.

हिने चहा दिला. पहिल्या घोटाला दादाचा चेहरा खुलला. "वा! वेलची! घरभर दरवळ सुटलाय." बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, शेजाऱ्यांनाही कळलं की वेलची आहे.

"रोजच घालते," ही माझ्याकडे बघत म्हणाली. "कुणाला किंमत आहे?"

मी माझ्या कपात पाहिलं. वेलचीची मला वार्ताच नव्हती.

मग गॅरेज. दादाने बॉनेट उघडलंच नाही. सरळ मागे गेला, टाकीचं झाकण फिरवलं, आणि दोन पावलं मागे सरला.

"अरे! काय आहे हे?"

मी ओठ मोठे हलवून सांगितलं – पेट्रोल.

"हे पेट्रोल? जुन्या रंगाच्या डब्यासारखा भपकारा मारतंय! दीड वर्ष टाकीत कुजलंय हे. त्याच्यावर तू पाच लिटर ओतलंस म्हणून निदान सुरू तरी होते. जोर लागला की झालं. कार्बोरेटरमधली बारीक भोकं चिकट्याने बुजली असणार." मग खिशातून फोन काढला, माझा मेसेज शोधला आणि माझ्यासमोर धरला. "वास – नेहमीचा. हे तू लिहिलंस. मी त्यावर सगळं बांधलं ना रे! मला कान नाहीत, पण तुला तर नाक आहे!"

मी खाली वाकलो. टाकीच्या तोंडाशी नाक नेलं. पुष्कळ वेळ.

मग पेपराच्या कोपऱ्यावर लिहून त्याला दिलं : सर्दी.

त्याने वाचलं. घडी करून खिशात ठेवलं. हसला नाही.

दुपारभर काम. टाकी रिकामी केली. कार्बोरेटर उघडला, तर आतल्या पितळी नळ्यांच्या सुईएवढ्या भोकांवर पिवळी साय धरलेली. दादाने ती एकेक साफ केली, उजेडासमोर धरून एक डोळा मिटून पाहिली. पुन्हा जोडलं, नवं पेट्रोल भरलं. हत्यार हवं की हात पुढे करायचा, मी बरोबर तेच द्यायचो. निदान तेवढं मला जमलं.

चार वाजता टेकडी चढलो. मी चालवत होतो, दादाने तळहात डॅशबोर्डवर सपाट ठेवला होता – तो तसंच ऐकतो. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. एक आचका नाही! धाकटी अशी चढली की जणू कधी आजारी नव्हतीच. माथ्यावर थांबलो. दादाने हात काढला नाही. इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ तसाच.

"ठेव तुझ्याकडे," म्हणाला. मग, "सर्दी किती दिवस झाली?"

मी दोन बोटं दाखवली.

"दिवस?"

मान डोलावली.

आनंद व्हायला हवा होता. परत येताना रस्ताभर मी फक्त स्टिअरिंगवरच्या माझ्या उजव्या हाताकडे बघत होतो. स्थिर होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सर्दी नाही.

ही अंघोळीला गेल्यावर साबणाची नवी वडी, सोललेला लसूण, तिची अत्तराची बाटली, मग काल टाकीतून काढून बाहेर ठेवलेला कुजक्या पेट्रोलचा डबा – सगळं एकेक करून नाकाशी धरलं. काहीच नाही. आठ तारखेलाही काही आलं नव्हतं. टाकीत पेट्रोल आहे हे माहीत होतं, म्हणून 'नेहमीचा' लिहिलं.

बाबांचा हात थरथरायला लागला त्याच्या चार वर्षं आधीपासून ते रोज सकाळी आईला म्हणायचे, चहा बिघडलाय. आम्ही हसायचो. नंतर डॉक्टरांनी आईला आणि मला आत बोलावून विचारलं, "यांना वास कधीपासून येत नाही?" तेव्हा कुठे आईला त्या चहाचा अर्थ लागला.

दादा तेव्हा समुद्रावर होता. आई गेली. हे आता मला एकट्यालाच माहीत आहे.

मला भीती वाटते.