पहिलं फुटलेलं मेंढरू

सर, तुमचा ब्रेलचा प्रोग्राम नव्या कंप्युटरवर चालत नाही, असा मिरजेहून फोन आला तेव्हा मी साताऱ्यात घरी गवारी मोडत बसले होते. फोन अंधशाळेतल्या त्याच बाईंचा, ज्यांच्या वर्गातल्या मुली पाटी आणि टोच्या घेऊन एकेक ठिपका उमटवत पुस्तकं उतरवून घेताना तुम्ही पाहिल्या होत्या आणि घरी येऊन हे काम हातात घेतलं होतं. शाळेतला जुना कंप्युटर एकदाचा बंद पडला. देणगीतून नवा आला, पण मराठी मजकुराचं ब्रेल करून प्रिंटरला देणारा तुमचा प्रोग्राम त्याच्यावर चढेना. दुसरं काहीतरी आणून बघितलं, तर ते ओळ संपली की जोडाक्षर मधूनच तोडायचं आणि मुलींची बोटं तिथे अडायची. बाई फोनवर शांतच होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, धाव्वीच्या पोरींच्या हातात अजून पुस्तक न्हाई. डोळस पोरांचं निम्मं शिकवून झालं. सरांचं तेवढं चालू करून द्या." तुमच्या पश्चात दोन-तीन जणांनी बघून हात टेकल्यावर त्यांनी मला शोधलं होतं, तुमची विद्यार्थिनी म्हणून. आता नाही कसं म्हणणार?

तुम्ही सगळा कोड इंटरनेटवर फुकट ठेवून गेलात, त्यामुळे तो मिळायला वेळ लागला नाही. उतरवून घेतला, मशीनच्या भाषेत आणायला म्हणून कंपाइल केला आणि स्क्रीन वरपासून खालपर्यंत लालभडक. एररवर एरर, एररवर एरर. आणि लगेच सांगलीच्या कॉलेजातली ती लॅब समोर आली. मी पहिल्या वर्षाला आहे, आष्ट्याहून एसटीने येते, वर्गात सगळ्यांना सगळं येतंय आणि मला एकटीलाच काही येत नाही अशी माझी पक्की खात्री आहे. माझी स्क्रीन अशीच भरली आहे. तुम्ही मागे येऊन उभे राहता. मी कुठलीतरी मधलीच एरर धरून झटत असते. तुम्ही माऊस काढून घेता, यादी पार वर नेता आणि म्हणता, "पयलं मेंढरू कुठनं फुटलं त्येवढं बघ. बाकीची नुसती त्येच्या मागनं गेल्याली असत्यात. एकेकाच्या मागं पळालीस तर दमून बसशील."

तुम्ही आटपाडीकडचे, मेंढरांमागे वाढलेले, आणि ते कधी लपवलं नाहीत. बाकीचे प्राध्यापक छापील बोलायचे, तुम्ही पॉइंटरसारखं अवघड प्रकरणसुद्धा गावच्या भाषेत शिकवायचात. आम्ही हसायचो, पण डोक्यात राहिलं ते तुमचंच. तर मी यादी वर नेली. पहिली एरर साधी होती. एक हेडर फाईल पूर्वी आपण न सांगताच दुसरीला सोबत घेऊन यायची, नव्या सिस्टीमवर ती आणत नाही, त्यामुळे तुमच्या कोडमधला एक शब्दच कंपायलरला कळत नव्हता. ती दुसरी फाईल मी नाव घेऊन बोलावली, एक ओळ घातली. पुन्हा कंपाइल केलं आणि जवळजवळ सगळा कळप आपोआप परत आला. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं, मी चक्क टाळी वाजवली.

उरली एक एरर, आणि तिने मात्र घाम काढला. तुमच्या कोडमध्ये अक्षर म्हणजे मेंढरू, ओळ म्हणजे वाघूर, मेंढरं कोंडायचं जाळं, आणि जोडाक्षर कुठून सुरू होतं ते शोधणाऱ्या फंक्शनचं नाव 'कोकरू शोध'. त्याच्यावर तुमची टीप आहे, "मेंढी आणि तिचं कोकरू वेगवेगळ्या वाघरात घालायचं नाही." हे फंक्शन तुम्ही आधी ओळख न देताच, म्हणजे ते काय परत आणतं हे न सांगताच वापरलं होतं. तुमच्या वेळचा कंपायलर कुरकुर करून पुढे जायचा, आताचा जागचा हलत नाही. त्याला गप्प करायची सोय आहे, कमांडच्या शेवटी एक शब्द जोडला की झालं. बाईंच्या फोनची घाई होती, मी जोडला. झालं की कंपाइल! पण चालवून बघितलं तर पहिल्याच जोडाक्षराला प्रोग्राम कोसळला. आणि तुम्ही कधीतरी भरवर्गात मला दिलेला दम आठवला. तेव्हाही मी वॉर्निंगा बंद करून मोकळी झाले होते. "दुखतंय म्हणून मेंढरू वरडतंय, आन तू त्येच्या तोंडाला फडकं बांधतीयास व्हय गं?" त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. आता मात्र निमूटपणे फडकं सोडलं आणि दुखणं शोधलं. ओळख नसल्यामुळे कंपायलर समजत होता की कोकरू शोधून एक साधा आकडा परत येतोय. परत येत होता जागेचा पत्ता. जुन्या मशीनवर दोन्ही एकाच मापाचे, म्हणून खपून गेलं. नव्यावर पत्ता मोठा, तो निम्माच पोचत होता. मी फंक्शनची ओळख वर लिहून दिली. बाकी तुमच्या कामाला हात लावावा लागला नाही. इतक्या वर्षांनी दोन ओळी, सर! माझ्या कंपनीतला कोड दोन वर्षं सांभाळला नाही तर ओळखू येत नाही.

मिरजेला जाऊन मी तो स्वतः बसवला. प्रिंटर खडखडायला लागला तसं बाईंनी पान निघायची वाटसुद्धा पाहिली नाही, निघता निघताच त्याच्यावर बोटं ठेवली. ओळीच्या शेवटाला बोट थांबलं, परत मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. मग त्या म्हणाल्या, "जोडाक्षर तोडलं न्हाई. सरांचंच हाय हे." दारात उभ्या असलेल्या दहावीच्या मुलींनी पान त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. तुम्ही तिथे असायला हवे होतात, असं मला फार वाटलं. एवढं मोठं काम करून तुम्ही कॉलेजात कधी त्याचा शब्दही काढला नव्हता. आम्हाला वाटायचं, सर नुसते आमच्या चुका काढायला जन्मले आहेत.

हे पत्र कुठेच जाणार नाही, तेव्हा एक सांगून टाकते. तुमचा नियम होता की एकही वॉर्निंग शिल्लक ठेवायची नाही, आणि एक शिल्लक आहे. तुम्ही 'कुत्रा' नावाचं एक व्हेरिएबल केलंत, त्यात किंमतही भरलीत आणि मग ते कुठे वापरलंच नाहीत. तुमच्या वेळच्या कंपायलरला हे दिसायचं नाही, आताच्याला दिसतं. ती ओळ पुसली तर काही बिघडणार नाही. मी पुसलेली नाही. आता प्रोग्राम कंपाइल करताना स्क्रीनवर तेवढंच एक वाक्य येतं, तुमच्या फाईलचं नाव घेऊन, की कुत्रा नुसता बसून आहे. काम संपलंय, तरी मी अधूनमधून उगाचच कंपाइल करते.