दुकान क्रमांक २७ सुरू होते

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपंचायत कार्यालय, नागलसांगवी,
जि. धाराशिव.

विषय : जुनी पेठ पुनरुज्जीवन आराखड्यात दुकान क्र. २७ ची ‘बंद’ अशी झालेली नोंद दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : १) दि. २० जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडा.
२) दि. १४ ऑक्टोबर २०२४ रोजीचा पाहणी तक्ता, ओळ २७.

महोदय,

१. अर्जदार सोलापूर येथे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीस आहे. तिचे वडील लिंगैक्य शांतलिंग हत्तुरे यांचे नागलसांगवीच्या जुन्या पेठेत मारुती मंदिरासमोर बैलांच्या साजाचे दुकान होते. वेसण, कासरा, घुंगुरमाळा, गोंडे असा माल. बायपास झाल्यावर गिऱ्हाईक तिकडच्या चौकात गेले आणि ट्रॅक्टर आल्यावर बैलही गेले. पोळ्याचे चार दिवस सोडले तर अलीकडे विक्री होत नसे. तरीही ते रोज सकाळी नऊ वाजता दुकानाच्या सातही फळ्या काढत, झाडून घेत, उदबत्ती लावत आणि दिवे लागेपर्यंत बसत.

२. त्या दुकानात काय चालत असे हे आराखड्यात कोठेही आलेले नाही, म्हणून सांगणे भाग आहे. मंगळवारी बाजाराला किंवा इतर दिवशी तहसील, दवाखाना, बँक अशा कामांना आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसे आपल्या पिशव्या त्यांच्याकडे ठेवून जात. सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात. त्यामुळे ते एकाच रंगाच्या गोंड्यांच्या जोडीतला एक पिशवीला बांधत आणि दुसरा माणसाच्या हातात देत. परत येताना गोंडा दाखवायचा व पिशवी न्यायची. याचे ते काही घेत नसत. रांजणात पाणी असे. कोणी कोणाला निरोप ठेवून जाई. ही पद्धत चाळीस वर्षांत कधी चुकली नाही, असे पेठेतील लोक सांगतात. अर्जदार लहानपणापासून हे पाहत आली, परंतु याला काही नाव असू शकते हे तिच्या कधी लक्षात आले नाही.

३. पाहणीच्या दिवशी अर्जदार दसऱ्यासाठी घरी आली होती व दुकानात बसली होती. आराखडा करणाऱ्या संस्थेच्या एक बाई हातात टॅब घेऊन आल्या. त्या पुण्याच्या होत्या व बोलण्यात हुशार वाटल्या. अर्जदाराने गावे, पेठा आणि नगररचना यांवर बरेच वाचलेले आहे. ते त्या बाईंना कळावे असे तिला वाटले व ती त्यांच्याशी पंधरा मिनिटे त्याच भाषेत बोलली. तेवढ्यात वडिलांनी गोणपाटावरून विचारले, “ताई, पिशवी ठिवायची का? खांदा दुखंल. जाताना घिऊन जावा.” त्यांच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती आणि मागच्या खुंट्या रिकाम्या होत्या. बाईंनी अर्जदाराकडे पाहिले. विचारले, हे दुकान सुरू आहे का.

“बंदच धरा. वडील सवयीनं येऊन बसतात,” असे सांगण्यात आले.

‘सांगण्यात आले’ हे कार्यालयीन भाषेत शोभते, पण बरोबर नाही. ते वाक्य मी बोलले. वडील चार हातांवर होते आणि त्यांना ऐकू चांगले येत होते. मी त्याच दिवशी दुपारच्या गाडीने सोलापूरला गेले.

४. दुसऱ्या दिवशी, मंगळवार असूनही, दुकान उघडले नाही. अर्जदाराला हे माहीत नव्हते. दर रविवारी फोनवर ती विचारी, दुकान कसे आहे. ते म्हणत, “हाय की जागच्या जागी.” दि. ६ जानेवारी रोजी त्यांचे निधन झाले. दवाखान्याच्या कागदावर हृदयविकार लिहिलेले आहे व ते खरे आहे. दुकान बंद राहण्याशी त्याचा संबंध जोडून सहानुभूती मिळवण्याचा अर्जदाराचा हेतू नाही.

माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी मल्लम्मा नावाच्या बाई घरी आल्या. त्या बाजारात शेंगा विकतात. त्यांच्याकडून कळले की मधल्या बाराही मंगळवारी वडील मारुतीच्या पायरीवर बसत, समोर आपल्याच बंद फळ्या आणि भोवती लोकांच्या पिशव्या. मल्लम्मांनी त्यांना पहिल्याच बाजारी विचारले होते, “आण्णा, सोताचं दुकान सोडून हितं उन्हात का?” त्यावर ते म्हणाले, “पोरीनं सरकारला बंद हाय म्हणून सांगितलंय. आता उघडं दिसलं तर तिचा शब्द खोटा पडंल.” मल्लम्मा पुढे म्हणाल्या, “म्या म्हणलं, सरकार काय रोज बगाया येतंय व्हय? तर हसले नुसते. म्हणले, शिकल्याली हाय ती, काय तरी इचार करूनच बोलली आसंल.”

अर्जदाराने विचार केलेला नव्हता. तिला फक्त लाज वाटली होती.

५. आता प्रारूप आराखड्याच्या नकाशात क्र. २७ लाल रंगात, म्हणजे ‘बंद’ असे दाखवलेले आहे व दुकाने २६ ते २८ पाडून तेथे दुचाकी वाहनतळ प्रस्तावित आहे. पृष्ठ ३१ वर मात्र असे म्हटले आहे : ‘खेड्यांतून येणाऱ्या नागरिकांसाठी सामान ठेवणे, पाणी व विसावा यांची पेठेत कोणतीही सोय नाही. सबब असा कक्ष नव्याने बांधणे आवश्यक आहे.’ हे वाक्य अर्जदाराने अनेकदा वाचले.

६. हरकत देण्यासाठी अर्जदार दोनदा कार्यालयात आली. हरकतीच्या नमुन्यात क्षेत्रफळ, रस्तारुंदी व मोबदला असे रकाने आहेत, खोट्या माहितीसाठी रकाना नाही. माहिती देणारी आणि तिच्यावर हरकत घेणारी व्यक्ती एकच असल्यास सुनावणीची नोटीस कोणी कोणाला द्यायची, हा प्रश्नही निघाला. तिने दोन्ही नोटिसा घेण्याची तयारी दाखवली. कार्यालयातील शिपाई धुळाप्पा यांनी बाहेर येऊन भल्यासाठीच सांगितले, “ताई, लाजंचं कशापायी लिहून देता? नजरचुकीनं झालं म्हणा, साहेब सही करतील.” त्यांचा सल्ला चांगला होता. परंतु अर्जदाराची नजर चुकलेली नव्हती. तिला सगळे दिसत होते. म्हणून खोटी माहिती दिल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे. त्याबद्दल जी कारवाई होईल ती मान्य आहे.

७. सबब विनंती की, दुकान क्र. २७ पुढे ‘दि. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू’ अशी नोंद घ्यावी आणि पृष्ठ ३१ वरील ‘सोय नाही’ हे शब्द बदलावेत. वाहनतळाबाबत फेरविचार व्हावा अशी इच्छा आहे, पण तो अधिकार आपला आहे. नोंद मात्र त्याआधी खरी व्हावी.

८. दि. १४ जानेवारीपासून अर्जदार दर मंगळवारी रजा घेऊन येते व सातही फळ्या काढते. सहावी फळी कोणत्या बाजूने उचलायची हे तिला अजून नीट जमत नाही, शेजारचे मदत करतात. फेरपाहणीसाठी आपला माणूस कोणत्याही मंगळवारी पाठवावा. त्याच्याकडे पिशवी असेल तर ती ठेवून घेतली जाईल.

आपली नम्र,

(सही)
शिवकन्या शांतलिंग हत्तुरे
(पाहणी तक्ता, ओळ २७ : माहिती देणारी व्यक्ती. नाते : मुलगी.)

स्थळ : नागलसांगवी
दि. ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

सोबत :
१) मृत्यू प्रमाणपत्राची प्रत.
२) प्रतिज्ञापत्र.
३) श्रीमती मल्लम्मा यांचे निवेदन, अंगठ्यासह.
४) हिरवा गोंडा, जोडीतील एक. पद्धत समजावी म्हणून. पाहून झाल्यावर परत मिळावा, बाजाराच्या दिवशी लागतो.