चकलीच्या डब्यातले मोबाइल

४ मे, रविवार. सकाळी ६.

मार्चअखेर निवृत्त झालो. गेल्या चौतीस दिवसांत मला एकदाही कोणी ‘साहेब’ म्हटलेलं नाही. वॉचमनसुद्धा ‘अंकल’ म्हणतो. हे फार लागतं. म्हणून आजपासून सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मुलांसाठी मोफत कोडिंग क्लब. दर रविवारी नऊला. कंपनीचं सुट्ट्यांचं वेबपेज मी २००३ साली एकहाती बनवलं होतं. ते ज्ञान एव्हरशाईन सिटीच्या पुढच्या पिढीला न देता जाणं बरं नव्हे.

सेक्रेटरी वसुंधराताईंनी खोली दिली, पण अटीवर. ८ जूनच्या सभेपर्यंत क्लबने पाण्याच्या वेळांची वेबसाइट करून द्यायची. टँकर कधी, कुठल्या विंगला पाणी कधी, हे प्रत्येकाला मोबाइलवर दिसलं पाहिजे. नाही जमलं तर खोली झुंबावाल्यांना. मी म्हटलं, आठवड्याचं काम. खरं तर चार दिवसांचं.

त्याच दिवशी, दुपारी १.

अकरा मुलं! एकाग्रतेसाठी नियम: मोबाइल दारात जमा. त्यासाठी घरून चकलीचा पत्र्याचा डबा नेला होता. कॉम्प्युटर एकच, माझा. मी टाइप करायचं, मुलांनी बघायचं.

बी विंगची हेमाली (यंदा दहावीत, प्रश्न फार) म्हणाली, काका, साइट मोबाइलसाठी करायची, मग मोबाइल काढून का घेता? मी समजावलं, पोहायला शिकताना आधी काठावर हात मारायला शिकतात. ती म्हणाली, तिला आजोबांनी वाडीतल्या बावखलाच्या पाण्यात थेट ढकललं होतं. विषय बदलला.

११ मे, रविवार.

सात मुलं. बाकीची गावी गेली असणार, मे महिनाच आहे. सॅमी नऊ चाळीसला आला. कारण: चर्च. मी सुनावलं, नऊ म्हणजे नऊ. त्याने शांतपणे विचारलं, मिस्सा लवकर संपवायला फादरना तुमचं नाव सांगू का? वर्ग पुढच्या वेळेपासून दहाला. हा निर्णय मी आधीच घेतला होता.

आज इंटरनेटचा इतिहास शिकवला. १९९५ पर्यंत पोचलो. मध्येच डबा वाजायला लागला. एकीच्या आईला उत्तर मिळेना म्हणून तिने दुसरीच्या आईला विचारलं, तिने तिसरीच्या, आणि मग सगळ्याच आयांनी एकदम फोन लावले. पत्र्यामुळे आवाज फार घुमतो. धवलची तक्रार: मोबाइलला चकलीचा वास येतो आणि स्पीकरमध्ये मुंग्या गेल्यात. पुढच्या वेळी डबा पुसून न्यायचा.

१८ मे, रविवार.

चार मुलं. गर्दी कमी झाली की दर्जा वाढतो.

साइटचं काम जोरात. सर्वांत वर माझा फोटो (कंपनीतल्या निरोप समारंभाचा, हारासकट), खाली संस्थापकांचं मनोगत, मग लाल अक्षरांत सरकणारी ओळ ‘पाणी हेच जीवन’, आणि शेवटी नऊ रकान्यांचा तक्ता. माझ्या मोठ्या स्क्रीनवर बघत राहावं असं दिसतं. बायको मनोरमा म्हणाली, लष्कराच्या भाकऱ्या भाजताय ते ठीक, पण घरच्या पिंपाचा नळ गळतोय तो बघा. तक्ता पूर्ण झाला की बघतो.

२१ मे, बुधवार. सायंकाळी.

बी विंगच्या जिन्यावर सात मुलं ओळीने बसलेली, माना मोबाइलमध्ये. गावी गेला असं मी धरलेला धवलही त्यांतच. वॉचमनही मध्ये डोकं घालून उभा. गेमचं व्यसन कुठवर पोचलंय! हेमाली म्हणाली, काका, काम चाललंय. मी डोळ्यांच्या विकारांवर दहा मिनिटं बोललो आणि निघालो. बिचारी मुलं.

२५ मे, रविवार.

एकच विद्यार्थी, सॅमी. तोही डब्यात राहिलेला चार्जर न्यायला आलेला. तासभर बसवून घेतला. साइट त्याच्या मोबाइलवर उघडून दाखवली. म्हणाला, नुसतं तुमचं कपाळ दिसतंय. मी म्हटलं, फोन आडवा धर. आडवा धरल्यावर हार दिसला. तक्ता बघायला बोट खाली ओढायचं, मग उजवीकडे, मग आणखी उजवीकडे. चौथ्या रकान्याला त्याने विचारलं, माझी विंग कुठे गेली? आजच्या पिढीत चिकाटी नाही.

१ जून, रविवार.

कोणी आलं नाही.

साडेअकरापर्यंत बसलो. डबा उघडून ठेवला होता, मग झाकण लावलं. पस्तीस वर्षं नोकरीत मी खोलीत आलो की माणसं खुर्ची सरकवायची. इथे खुर्च्या मीच लावल्या आणि मीच उचलल्या.

असो. साइट पूर्ण! सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत एक अंगठा आला. माझाच, चुकून लागलेला.

६ जून, शुक्रवार. सकाळी ९.

आंघोळीला बसलो. डोक्याला शॅम्पू, आणि पाणी गेलं. मोबाइल शेजारीच होता. साइट उघडली. एका डोळ्याने कपाळ बघितलं, हार बघितला, लाल ओळ दोनदा सरकून गेली, बोट ओलं, तक्ता सटकतोय. बाहेरून मनोरमा ओरडली, टँकरला उशीर झालाय, पाणी आठ वाजून दहाला येईल. विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाली, मुलांच्या पानावर आहे. पंधरा दिवस झाले, अख्खी बिल्डिंग तेच बघते.

पाणी आठ वाजून दहाला आलं. त्यात योगायोगाचा भाग मोठा असावा.

८ जून, रविवार.

सभा. वसुंधराताईंनी सगळ्यांना मोबाइल काढायला लावले. मुलांचं पान: विंग निवडायची, की मोठ्या अक्षरांत दोनच ओळी. आज पाणी केव्हा, उद्या केव्हा. वॉचमन गेटवरून एक बटण दाबतो, वेळ बदलते. चौथ्या मजल्यावरच्या शहाऐंशी वर्षांच्या आजींनी चष्म्याशिवाय वाचून दाखवलं. टाळ्या. खोली क्लबकडेच राहिली. झुंबावाले हिरमुसले.

संस्थापक म्हणून मी उभा राहिलो. तेवढ्यात हेमालीने पान तळापर्यंत सरकवलं. तिथे नावं होती. सात मुलं, मग वॉचमन, आणि सर्वांत खाली ‘डबा: चंद्रहास काका’.

सिनेमात दिग्दर्शकाचं नाव सगळ्यांत शेवटी येतं. पण त्याच्या नावाआधी डबा लिहिलेला नसतो.

मी खाली बसलो. सभा सुटल्यावर हेमाली जवळ आली. म्हणाली, काका, रविवारी याल ना? आम्ही नवीन मुलांना शिकवणार आहोत. मी विचारलं, मी काय करायचं? ती म्हणाली, शिकायचं. मोबाइल घेऊन या.

१५ जून, रविवार. दुपारी १.

दहाला पाच मिनिटं असतानाच पोचलो. हेमालीने हजेरी घेतली. आठवं नाव माझं. मी उभा राहून ‘हजर’ म्हणालो, आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने पुढे तोंडातून ‘साहेब’ही निघालं.