कॉर्नरच्या आधीचं 'वा'

अक्का,

काल ओरगडमच्या कारखान्यातून परत येताना कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या मुलीने मोबाईल माझ्यापुढे धरला. आमच्या तपासणी विभागात ती नवीन लागली आहे. कॉलेजात फुटबॉल खेळायची, आणि मी कधीकाळी देशाच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात गोलकीपर होते हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. मोबाईलवर त्या संघाची आजवरची कामगिरी होती: वर्ष, स्पर्धा, जिंकले, हरले, बरोबरीत सुटले. हल्लीची वर्षं वर आहेत. त्यांतल्या मुली पात्रता फेरी ओलांडून मुख्य स्पर्धेत पोचल्या, म्हणून तर हा सगळा उत्साह. आपलं वर्ष यायला बरंच खाली जावं लागतं. तिथे लिहिलंय, 'पात्र ठरले नाहीत.' बाकी काही नाही. "काय झालं होतं, मॅडम?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हरलो." तिला तेवढं पुरलं. तुम्हाला मी त्या वेळी जे सांगितलं तेही तुम्हाला पुरलं होतं, आणि ते खरं नव्हतं. तेच आज लिहून काढते आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. कागद पोचणार नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच हात चालतो आहे.

आमच्या बाबांची बँकेतून नगरहून चेन्नईला बदली झाली तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि मला तमिळचं एक अक्षर कळत नव्हतं. मैलापूरच्या त्या मुलींच्या शाळेत पहिल्या आठवड्यात मी कोणाशीच बोलले नाही. पीटीच्या तासाला सगळ्या धावत होत्या आणि मी गोलपोस्टला टेकून उभी होते. तुम्ही आलात: सुती साडी, केसात गजरा, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. "काय गे, नाव काय तुझें?" असं तुम्ही विचारलंत आणि मी बघतच राहिले. मराठी होतं, पण असं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं. तंजावरचं मराठी, तुमच्या पणजोबांच्याही आधीपासून इथलं, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं कळलं की या शाळेत माझं ऐकणारं एक माणूस आहे. "पोस्टला टेकलीच आहेस तर तेथेंच उभी राहा," म्हणालात. मी गोलकीपर झाले ती अशी. पुढे तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा आई तुमच्या 'गे'ला पदराआड हसली, आणि तुम्ही आमच्या आमटीत गूळ बघून उघडउघड हसलात. तेव्हाच आईने मला सांगितलं, शाळेत काय मिस म्हणायचं ते म्हण, बाहेर अक्का म्हणायचं. इथे सगळ्यांनाच तो शब्द कळतो, सोय झाली.

मैदानावर तुमचा एक नियम होता. हुकूम तमिळमध्ये, कारण बाकीच्या मुलींनाही कळले पाहिजेत आणि तमिळ हुकूम आखूड असतात. 'वा' म्हणजे ये, गोल सोडून पुढे ये. 'पो' म्हणजे जा, मागे हो. 'निल्' म्हणजे थांब. रागवायचं मात्र मराठीत, कारण ते फक्त माझ्यासाठी असायचं. एकदा आंतरशालेय सामन्यात चार गोल खाऊन मी पोस्टपाशी मुसमुसत बसले होते. तुम्ही चालत आलात, माझ्याकडे बघितलंही नाहीत, जाळ्यातला बॉल पायाने माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, "रडायाचें तर रड, पण आधीं हा बाहेर दे. मुली वाट बघतात." कौतुक तुम्ही कुठल्याच भाषेत करायचा नाहीत. फार झालं तर 'सरी', म्हणजे ठीक. तेवढ्यावर मी आठवडा काढायचे. आईला सांगायचे, आज दोन वेळा सरी म्हणाल्या. आई म्हणायची, बाई आहे की दगड.

राष्ट्रीय शिबिराला माझी निवड झाली, आणि त्याच वर्षी गोलकीपरना शिकवायला म्हणून तुम्हालाही बोलावलं. शाळेची पीटी टीचर राष्ट्रीय संघाबरोबर जाणार म्हणून शाळेने मोठा सत्कार केला, आणि तुम्ही हार गळ्यात न घालता हातातच धरून उभ्या राहिलात. तुम्ही खूश होतात. मला कसं कळलं, तर परतताना तुम्ही रिक्षावाल्याशी घासाघीस केली नाहीत. शिबिरात मुली मणिपूरच्या, झारखंडच्या, हरयाणाच्या. मुख्य प्रशिक्षक हिंदीत बोलायचे. तुमचं हिंदी म्हणजे आनंदच होता. त्यामुळे तिथे तुमचं सगळं बोलणं माझ्याशीच, आणि तेही आपल्या त्या दोन भाषांत. प्रशिक्षक एकदा चेष्टेने म्हणाले, तुम्ही दोघी सांकेतिक भाषेत बोलता काय.

आता पात्रता फेरीतला तो सामना. परदेशातलं छोटं मैदान आहे, स्टँडमध्ये मोजकी माणसं. आपण आधीचा एक सामना जिंकलोय, हा बरोबरीत सुटला तरी पुढे जातोय. गोल एकही झालेला नाही आणि वेळ संपत आली आहे. त्यांची एक उंच मुलगी उजवीकडून आत शिरते आणि खालून, कोपऱ्यात मारते. मी कशी झेपावले मला माहीत नाही. बोटं लागली, बॉल पोस्टला घासून बाहेर गेला. कॉर्नर. मी उठते आहे, गुडघ्याला चुना लागलाय, आणि बाकावरून तुमचा आवाज येतो: "वा!" एकदाच. त्यांनी कॉर्नर घाईने घेतला. बॉल लांबच्या पोस्टकडे चालला होता, तो मुळात माझा नव्हताच, आपल्या दोघी तिथे उभ्या होत्या. मी गोल सोडून गर्दीत घुसले, हात वर केले, हाताला काही लागलं नाही. मागे वळले तेव्हा त्यांच्या मुली एकमेकींना मिठ्या मारत होत्या. आणि मी, तुम्ही शिकवल्याप्रमाणे, बॉल जाळ्यातून काढून दिला.

सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत प्रशिक्षकांनी मला फार शांतपणे विचारलं, तुला पुढे यायला कोणी सांगितलं? मी सोळा वर्षांची होते. सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या, एक जण रडत होती. मी म्हटलं, "मॅडमचा आवाज आला." शब्द खरे होते. तुमचा आवाज आलाच होता. तुम्ही भिंतीशी उभ्या होतात, आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं ते मी बघितलं. मग मी बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकले.

परत आल्यावर तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमचं ते मैलापुरातलं स्वयंपाकघर, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. फिल्टरमधून कॉफी उतरत होती. ती पुरती उतरली. मग माझ्याकडे पाठ करून दूध तापवता तापवता म्हणालात, "संघटनेनें अहवाल मागितला आहे. मीं पुष्कळ विचार केला. मीं 'वा' म्हणालें तें मराठी होतें गे. तूं तमिळ ऐकलेंस. होय ना?" मी अशी सुटका मागितली नव्हती. तुम्ही ती स्वतः शोधून, नीट जुळवून, माझ्यापुढे ठेवली होती. कोणाला सुचलं असतं? चेन्नईतल्या दोन मराठी बायकांखेरीज ही चूक जगात कोणाच्या हातून होणंच शक्य नव्हतं. मी म्हटलं, "हो, अक्का." तुम्ही मान हलवलीत. "सरी. माझी चूक. सवयीचा शब्द होता तुझा, मीं तो वापरायाचा नव्हता." आणि माझ्या कॉफीत जास्तीची साखर घातलीत.

अहवालात तुम्ही तसंच लिहिलंत. पुढच्या वर्षी शिबिराचं बोलावणं मला आलं, तुम्हाला आलं नाही. नंतरही कधी नाही. शाळेच्या मैदानावर तुम्ही 'वा' हा शब्दच टाकलात. मुलींना पुढे बोलवायचं तर दोन टाळ्या वाजवायचात. नव्या मुलींना वाटायचं, मिसची ती पद्धतच आहे. मला ती टाळी ऐकवत नसे. मी इंजिनीअरिंगचं निमित्त करून खेळ सोडला. सगळे म्हणाले, मुलगी शहाणी आहे.

आमच्या कारखान्यात एखादा भाग सदोष निघाला की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही. मी हे नवीन मुलांना शिकवते, चांगली कडक आहे म्हणतात मी. तुमच्या अहवालात दोनच 'का' होते. गोल का झाला? गोलकीपर पुढे आली. का आली? तिने ऐकण्यात चूक केली. तिथे तुम्ही थांबलात, कारण मी 'हो' म्हटलं. तुम्ही आजारी असताना मी दोनदा भेटायला आले, दोन्ही वेळा हे सांगायचं ठरवून. पहिल्यांदा तुमच्या सूनबाई समोरच बसून होत्या. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं. तुम्ही विचारलंत, हल्ली मुलींचा संघ कसा खेळतो गे? मी म्हटलं, बरा खेळतो. आणि आपण तेवढंच बोललो.

तमिळ 'वा' तुम्ही तोडून म्हणायचात. त्या दिवशीचं लांब होतं, आणि त्यात तुमचं हसू होतं. चार वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदाच शाबासकी दिली होती. मला ते मराठीतच ऐकू आलं, अक्का. तुमच्या तोंडून आणखी एकदा ऐकावं, म्हणून मी पुढे आले.